मुलीचं न जेवणं आणि तिच्या हातावरचे व्रण: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

एका आईने विचारलं आहे: "मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. दीड वर्षापूर्वी 'जरा बारीक व्हायचंय' म्हणून तिने भात सोडला, मग पोळी, मग रात्रीचं जेवणच. मध्येच एखाद्या रात्री उठून फ्रीजमध्ये दिसेल ते खाते आणि नंतर बराच वेळ बाथरूममध्ये असते. चार महिने पाळी नाही. गेल्या आठवड्यात तिच्या हातावर जखमांचे जुने-नवे व्रण दिसले. आरशासमोर उभी राहून 'मला हे शरीर नकोच आहे' म्हणत होती. तिचे बाबा म्हणतात, हे सगळं लक्ष वेधून घेण्यासाठी आहे. सासूबाई म्हणतात, दहावीला एवढे मार्क मिळाले, दृष्ट लागली. हे दोन आजार आहेत की एक? आधी कशावर उपचार करायचे? आज रात्री मी तिच्याशी काय बोलू? आणि धाकटा भाऊ सातवीत आहे, त्याला काय सांगू?"

ताई, आज रात्रीच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जखम ताजी असेल, तर घरात कुणालाही लागल्यावर जे केलं असतं तेच करा. धुवा, मलमपट्टी करा, खोल असेल तर दवाखान्यात न्या. तुमचे हात थरथरले तरी हरकत नाही. बोलणं थोडकंच असू द्या: "मला व्रण दिसले. मी रागावलेले नाही. आत्ता दुखतंय का?" एवढं पुरतं. "का केलंस?" हा प्रश्न आज नको. बहुतेक मुलींना त्याचं उत्तर स्वतःलाच सापडलेलं नसतं आणि आपल्यावर आरोप होतोय असं त्यांना वाटतं. "माझी शपथ घे, पुन्हा करणार नाहीस" हेही नको. आपल्याकडे आया हे हमखास करतात, अगदी काळजीपोटी करतात, आणि त्याचा परिणाम मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. शपथ घेतलेली मुलगी थांबत नाही, ती लपवू लागते. वर आईची शपथ मोडल्याचा अपराधीपणा तिच्या डोक्यावर बसतो आणि तोच पुढच्या वेळचं कारण होतो.

एक प्रश्न मात्र आजच विचारा, स्पष्ट शब्दांत: "मरून जावंसं वाटतं का? तसे विचार येतात का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरेल ही भीती सोडून द्या. नसलेला विचार विचारण्याने येत नाही, आणि असलेला विचार कुणीतरी उच्चारला की मुलांना मोकळं वाटतं. ती "हो" म्हणाली आणि बोलण्यावरून काही ठरवलेलं दिसलं, तर तिला एकटं सोडू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. काहीही उत्तर आलं तरी घरातल्या सगळ्या गोळ्या, आजीच्या बीपीच्या गोळ्यांसकट, आणि शेती असेल तर फवारणीची औषधं आजपासून कुलपात गेली पाहिजेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो फोन मुलीने करायचा असतो असं नाही. घाबरलेल्या आईनेही करावा.

आता, दोन आजार की एक. निदानाच्या कागदावर दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या जातील. खाण्याच्या विकारांत ॲनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी काढणं किंवा तसंच काही करणं) असे प्रकार येतात, आणि स्वतःला इजा करणं हे अनेक मानसिक त्रासांमध्ये दिसतं. पण या दोन्ही गोष्टी एकाच मुलीत असणं मुळीच दुर्मीळ नाही. 2016 साली जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. खाण्याचे विकार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे 27 टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी, मरण्याचा हेतू नसताना, स्वतःला इजा केली होती. ॲनोरेक्सियात हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं, बुलिमियात 33 टक्क्यांच्या आसपास. म्हणून खाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीला मी जखमांबद्दल विचारते, आणि जखमा घेऊन आलेल्या प्रत्येकीला जेवणाबद्दल.

मुली मला जे सांगतात त्यावरून मला उमगलेलं असं. आत काहीतरी असह्य साचतं: लाज, राग, भीती, कधी नुसतंच पोकळ वाटणं. उपाशी राहिलं की सगळं बधिर होतं. भरमसाट खाल्लं की तेवढा वेळ विसरायला होतं, आणि मग त्या खाण्याचीच इतकी किळस वाटते की ते बाहेर काढल्याशिवाय चैन पडत नाही. इजा केली की क्षणभर सगळं एका जागी गोळा होतं आणि सुटल्यासारखं वाटतं. तिन्ही वाटा त्याच असह्यपणातून सुटण्याच्या आहेत, आणि तिन्हींचा मार तेच शरीर सोसतं. तुमची मुलगी "मला हे शरीर नकोच आहे" म्हणाली, त्या वाक्यातच जोड आहे. शरीर "मी" न राहता "हे" झालं, समोर ठेवलेली वस्तू झालं, की त्याला उपाशी ठेवणंही सोपं होतं आणि दुखावणंही.

तिच्या बाबांना माझ्या वतीने एवढं सांगा: लक्ष वेधायचं असतं तर तिने दाखवलं असतं. बहुतेक मुलं महिनोन्‌महिने लपवतात. आणि समजा तिला कुणाचं लक्ष हवंच असेल, तर सतरा वर्षांच्या मुलीला एवढं करूनच ते मिळतंय, हीच गोष्ट आपण मनावर घ्यायला हवी. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्या मायेनेच काढतात. फक्त त्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका.

आधी कशावर उपचार, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: आधी पोटात अन्न. त्यामागचं कारण समजावून सांगते, कारण पुढच्या कठीण दिवसांत ते तुम्हाला आठवावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शरीरक्रिया-संशोधकांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे स्वेच्छेने आलेले, मनाने खणखणीत पुरुष होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, त्यांच्यावर परीक्षेचा ताण नव्हता, कुणी त्यांना जाड म्हणालेलं नव्हतं. तरीही त्यांच्यात काय बदललं ते बघा. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. पाककृतींची पुस्तकं जमवणं, घासाचे बारीक बारीक तुकडे करून तासभर खात बसणं, चिडचिड, उदासी, माणसांपासून दूर जाणं. पुन्हा जेवायला मिळू लागल्यावर काही जणांना आपलं पोट आणि मांड्या बेढब झाल्यासारख्या वाटू लागल्या. आणि त्या पुन्हा जेवण सुरू झालेल्या काळातच एकाने स्वतःला गंभीर इजा करून घेतली. ती मुद्दाम केली की चुकून झाली, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नाही.

उपासमारीने मेंदू असा होतो. तुमच्या मुलीची चिडचिड, तिचं हट्टीपण, तिचं रडणं, यातलं किती तिचं आणि किती भुकेचं, हे ती उपाशी आहे तोवर मलाही सांगता येणार नाही. भुकेल्या मेंदूशी समुपदेशन करणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला गणित शिकवणं. सत्रं होतात, ती मान डोलावते, घरी गेल्यावर काहीच उरत नाही.

पण इथेच एक खाचखळगा आहे. माझ्याकडे आलेली अनेक कुटुंबं याच ठिकाणी अडखळली, म्हणून जरा जास्त लिहिते.

जेवण सुरू होतं. दोन-तीन आठवडे जातात. वजन थोडं वर येतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमकं त्याच सुमारास जखमा वाढतात. जी मुलगी पूर्वी महिन्यातून एकदा स्वतःला इजा करायची, ती आठवड्यातून दोनदा करू लागते. आई हादरते. "आपण बळजबरी केली म्हणून झालं, मरू दे ते जेवण, निदान जिवंत तरी राहील," असं म्हणत घर मागे फिरतं. मुलगी पुन्हा उपाशी राहू लागते, जखमा कमी होतात, आणि सगळ्यांना वाटतं की निर्णय बरोबर होता. खरं तर बधिर करणारं एक साधन काढून घेतल्यावर ती दुसऱ्याकडे वळली होती, इतकंच. उलटही होतं. जखमांवरच सगळं लक्ष गेलं, त्या थांबल्या म्हणून डॉक्टरांनी आणि आईबापांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिकडे ताट रिकामं होत गेलं. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी नजर हवी, आणि जेवण वाढवताना त्या असह्यपणासाठी तिच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं. इजा वाढली तर जेवण थांबवू नका. तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि तिच्याजवळ जास्त वेळ राहा.

हातात द्यायचं ते काय? मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी नावाची उपचारपद्धत विकसित केली, तिचं मूळ पुस्तक 1993 चं. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी वर येते आणि ओसरते, ती ओसरेपर्यंतचा वेळ इजा न करता कसा काढायचा, हे या पद्धतीत टप्प्याटप्प्याने शिकवतात. आपल्या शहरांतले बरेच समुपदेशक आता त्यातली कौशल्यं वापरतात. मात्र एक सावधगिरी. तीव्र भावना शांत करायला चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडवणं आणि जोरात व्यायाम करणं हे दोन उपाय इंटरनेटवर सगळीकडे दिसतील. तुमच्या मुलीसाठी ते नकोत. थंड पाण्याने नाडी मंदावते, आणि उपाशी मुलींची नाडी आधीच मंद असते. व्यायाम तर या आजाराचंच हत्यार आहे. त्यापेक्षा साधं काही चांगलं: तुमच्या शेजारी येऊन बसणं, कुत्र्याला कुरवाळणं, गाणं लावून मोठ्याने म्हणणं, जाड गोधडीत गुरफटून घेणं, किंवा नुसतं "आई, आत्ता खूप वाटतंय" एवढा निरोप फोनवर पाठवणं. तो निरोप आला की तुम्ही काय करणार हे आधीच ठरवून ठेवा. माझ्याकडच्या एका आईने ठरवलं होतं की निरोप आला की हातातलं काम टाकून लेकीच्या खोलीत जायचं आणि तिच्याबरोबर जुने फोटो लावत बसायचं, एकही प्रश्न न विचारता. त्यांना ते वर्षभर करावं लागलं.

जेवणाची सूत्रं सध्या तुमच्या हातात यायला हवीत. जेवणाची जबाबदारी आईबाबांनी घ्यायची ही पद्धत लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये 1980च्या दशकात उभी राहिली. तिथल्या 1987 च्या अभ्यासात, कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि आजाराला तीन वर्षं न झालेल्या मुलींना कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा चांगला फायदा झाला. तुमची मुलगी त्या मुदतीत आहे. म्हणून मी घाई करायला सांगते आहे. तिने काय आणि किती खायचं हे काही महिने आईबाबा ठरवतात, तिच्याशी त्यावर वाद घालत नाहीत, ताट वाढतात आणि सोबत बसतात. जेवणानंतरही तासभर सोबत राहतात, काहीतरी बघत, पत्ते खेळत. चिडून नव्हे, रडून नव्हे. बाबा एक म्हणतात आणि आई दुसरं, असं झालं की आजार त्या फटीतून निसटतो. सासूबाईंनाही यात घ्या. उपवास ही आपल्याकडची सगळ्यात मोठी पळवाट आहे: संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. एवढ्याशा मुलीची भक्ती म्हणून घरात कौतुक होतं आणि कुणाला संशयही येत नाही. "देवाला आजारी माणसाचा उपवास चालत नाही" हे वाक्य आजीच्या तोंडून आलं तर माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त काम करतं.

पण हे सगळं तपासणीनंतर. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला घरच्या घरी एकदम भरपेट जेवू घालणं धोक्याचं असतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन हृदयाला इजा होऊ शकते. म्हणून पहिली भेट फिजिशियनची. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, आणि रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम हे बघून जेवण किती वेगाने वाढवायचं ते ठरतं. वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम घसरतं आणि त्याने हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, वजन अगदी "नॉर्मल" असलं तरीही. त्यामुळे "ती काही एवढी बारीक दिसत नाही" असं कुणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, यातलं काहीही दिसलं तर भेटीची वाट न बघता रुग्णालय गाठा.

औषधांबद्दल थोडक्यात. बुलिमियात फ्लुओक्सेटिनसारख्या, नैराश्यावरही देतात त्या गोळीचा उपयोग होतो. वजन फार खाली गेलेल्या ॲनोरेक्सियात तिचा फारसा उपयोग होत नाही, तिथे अन्न हेच औषध. या वयात अशी गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मनात मरणाचे विचार वाढतात का, यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या आईच्या ताब्यात.

आता आरसा.

"अगं, तू कुठे जाड आहेस!" हे तुम्ही तिला शंभर वेळा सांगितलं असेल. ते पोचत नाही आणि त्यामागे कारण आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांना वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालायला सांगितलं. सरळ सहज जाता येईल एवढी जागा असतानाही त्या खांदे तिरपे करून जात होत्या. त्यांचं लक्ष दुसऱ्याच कामाकडे वळवलेलं होतं, म्हणजे हे त्या ठरवून करत नव्हत्या. त्यांचा मेंदू त्या देहाला खरोखरच तेवढा रुंद समजून चालवत होता. तुमची मुलगी आरशात जे बघते ते तिला तसंच जाणवतं. त्यावर वाद घातला की ती एवढंच शिकते की आईला काही सांगण्यात अर्थ नाही. "तुला ते किती खरं वाटतंय ते मला कळतंय. मला तसं दिसत नाही. आणि जेवायची वेळ झाली," इतकं म्हणा आणि पुढे व्हा. शरीराविषयीचा हा तिटकारा सगळ्यात शेवटी जातो, वजन आणि पाळी परत आल्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. तो जाईपर्यंत उपचार फसले असं समजू नका.

मात्र घरातली भाषा आजच बदलता येते. फिजी बेटांवर 1995 मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. तिथे भरलेलं शरीर हे चांगल्या घरचं लक्षण होतं. अॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही मुलगी नव्हती, तीन वर्षांनी शंभरातल्या 11 होत्या. हे वाचताना मला आपला "खात्यापित्या घरची" हा शब्द आठवतो. माझ्या आजीच्या तोंडी ती शाबासकी होती. आज कुठल्याही मुलीला तसं म्हणून बघा, तिचा चेहरा पडेल. लग्नकार्यात भेटलेली मावशी "किती वाळलीस गं" म्हणते तेव्हा आजारी मुलीला ते पदक वाटतं, आणि चार महिन्यांनी "आता कशी छान तब्येत झाली" म्हणते तेव्हा तिला फक्त "जाड झालीस" ऐकू येतं. मी किती मुली पाहिल्या ज्या या एका वाक्यानंतर दोन महिने मागे गेल्या. नातेवाइकांना आधीच फोन करून सांगा: तिच्या शरीरावर काहीही बोलायचं नाही, चांगलंही नाही. वजनकाटा घरातून काढून टाका. आणि दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी खावं, ही चर्चा तुमच्या जेवणाच्या टेबलावर काही काळ बंद ठेवा. तुम्ही स्वतः डाएट करत असाल तर तेही.

एक नाजूक गोष्ट. शरीराचा इतका तिटकारा असतो तेव्हा मागे कधीतरी लैंगिक अत्याचार झालेला असू शकतो. दरवेळी असतोच असं अजिबात नाही, पण मी एकांतात, सावकाश विचारते. तिने तुम्हाला असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य "माझा तुझ्यावर विश्वास आहे" हेच असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत ते पोलिसांना कळवणं पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टर त्यात तुमच्यासोबत राहतील.

पोलीस केस होईल या भीतीने बरेच पालक जखमा दाखवायला रुग्णालयात येतच नाहीत. मरण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा हा गुन्हा नाही. आत्महत्येचा प्रयत्न असला तरी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 त्या व्यक्तीला तीव्र मानसिक ताणाखाली होती असं गृहीत धरतं आणि शिक्षेऐवजी उपचार द्यायला सांगतं. रुग्णालय नियमाप्रमाणे नोंद करील, त्याला घाबरू नका. खर्चाची चिंता असेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा.

राहिला धाकटा. सातवीतल्या मुलाला घरात काहीतरी चाललंय हे कधीच कळलेलं असतं. बंद दारांमागची कुजबुज त्याने ऐकलेली असते, आणि बहुधा ताईच्या पानातलं अन्न त्याच्या पानात येऊन पडलेलंही असतं. त्याला सांगा की ताई आजारी आहे. हा आजार खाऊ देत नाही आणि कधीकधी तिला स्वतःलाच दुखवायला लावतो. डॉक्टर आहेत, आईबाबा आहेत, तिला बरं करायचं काम त्याचं नाही. तिच्यावर पाळत ठेवायचं काम तर मुळीच नाही, पण काही भीतीदायक दिसलं तर लगेच मोठ्यांना सांगायचं, ती चुगली होत नाही. तिने ढकललेली पोळी त्याने खायची नाही. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्याची ठेवा, तुम्ही किंवा बाबा, फक्त त्याच्याबरोबर, जिथे ताईचा विषय निघणार नाही. मैदानावर न्या, नाहीतर सायकलवरून चक्कर मारून या.